कोरडी भिंत

नव्वद

"बंद कर ते मशीन," दादा दारातूनच म्हणाला. "आई वर खोकून खोकून अर्धी झालीय."

धाकटीने बटण दाबलं. फवाऱ्याचं धुकं विरलं आणि खोली दिसू लागली. दोऱ्यांना टांगलेल्या भुशाच्या पिशव्या. पिशव्यांच्या भोकांतून बाहेर आलेले अळंबीचे कोंब, टाचणीच्या डोक्याएवढे. तिचं पहिलं मोठं पीक. हॉटेलवाल्याने शब्द दिला होता, हा माल चांगला निघाला तर पुढे कायम तुमच्याकडूनच घेईन. कोंबांना आता फक्त गार, दमट हवा हवी होती. भिंतीवरच्या मीटरने ओल नव्वद दाखवायला हवी, बस.

"आठवडाभर थांब ना, दादा. मग हवं तेवढं बंद ठेवते."

"डॉक्टर म्हणालेत, भिंतीतली ओल छातीत उतरते. तुला आई हवी की तुझ्या त्या छत्र्या?"

आईची खोली बरोबर वर होती. भिंत तीच. नवऱ्याचं घर सोडून धाकटी परत आली तेव्हा दादा तोंड फिरवून बसला होता. खालची खोली आईनेच झाडून दिली होती.

मग प्रश्नच नव्हता.

पंच्याहत्तर

खिडक्यांवरची ओली गोणपाटं तिने काढली. गोणपाटं निघताच उकाडा आत आला. पंखा लावला की उरलीसुरली ओल जायची. बंद केला की खोली तापायची. एकाला धरावं तर दुसरं सुटायचं. कोंबांच्या कडा पिवळ्या पडल्या. ती हातातल्या बाटलीने एकेका पिशवीवर पाणी शिंपडत राहिली, आजाऱ्याला चमच्याने पाजावं तसं.

मग ती वर गेली.

"आई, बरं वाटतंय का गं?"

आईने भिंतीवर तळहात टेकवला. "अजून गार लागतेय बाई." आणि खोकली.

धाकटीने बाटलीही ठेवून दिली.

साठ

दादाने हीटर आणला. शिवाय रंगाचा डबाही. इतकं त्याने तिच्यासाठी आयुष्यात काही आणलं नव्हतं.

"पोपडे खरवडून टाक. ती पूड आईच्या नाकात जाते. मग रंग मार. आतून आणि बाहेरून."

"बाहेरून कशाला?"

"करतेच आहेस तर नीट कर की!"

ती बाहेरची भिंत रंगवत होती तेव्हा शेजारीण थांबली. "एवढी नटवतेस भिंतीला! तिला बघायला कोणी येणार आहे की काय?"

"आई आहे ना बघायला," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या.

बेचाळीस

कोंब काळे पडले होते. तिने एक चिमटीत धरला. त्याची पूड झाली.

हॉटेलवाल्याचा फोन आला. "या वेळी नाही जमलं, पण पुढच्या..." ती सांगू लागली.

त्याने तेवढंच ऐकलं. "राहू द्या मग, आम्ही दुसरीकडे बघतो."

वर तिने काही सांगितलं नाही. आईला उगाच लागलं असतं.

आकडा कोणी पाहिला नाही

ती स्टुलावर चढून छताजवळचा कोपरा रंगवत होती. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत रंग. दादा आत आला. त्याच्यामागे एक अनोळखी माणूस आणि त्याची बायको. माणूस सरळ भिंतीकडे गेला. त्याने बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली. खिशातून छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या आणि मान डोलावली.

"कमाल आहे. मागच्या वेळी बाहेरून हात लावला तरी पाणी लागत होतं. शब्द पाळलात तुम्ही."

"म्हटलं होतं ना," दादा म्हणाला. "ओल काढूनच घर तुमच्या ताब्यात देणार."

धाकटीच्या हातातला ब्रश थांबला. रंग मनगटावरून आत ओघळत गेला. घर विकायचं होतं. म्हणून ओल नको होती. म्हणून डॉक्टर, म्हणून हीटर, म्हणून बाहेरूनही.

"दादा," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"



जिन्यावर पावलं वाजली. आई खाली येत होती, भराभरा, कठड्याला न धरता. धाकटीला एकदम धीर आला. आईपासूनही लपवलं असणार याने. आता आई ऐकेल आणि याला चांगलं फैलावर घेईल. ती स्टुलावरून उतरली आणि आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

त्या माणसाच्या बायकोने धाकटीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"एक विचारू? घरावर हक्क सांगणारं आणखी कोणी नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मग या कोण?"

दादाने आईकडे पाहिलं.

"भाडेकरू," आई म्हणाली. "खोली सोडायच्या आधी रंग मारून द्यायचा, असं ठरलंय आमचं."