पाचोळ्यातला काटा

परसातला पाचोळा झाडून ढिगावर लोटताना कडूबाईच्या बोटात काटा घुसला. बाभळीचा असेल म्हणून तिनं उपसला आणि उजेडात धरला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा काटा. बाभळीचा नव्हे. साळूचा!

साळूचा, म्हणजे साळिंदराचा काटा ज्याच्या दारात पुरतात त्या घरात भांडणं लागतात, हे सोनईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि भांडणं तर लागलीच होती. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडून यायचा, मुकाट्यानं भाकरी खायचा आणि भिंतीकडं तोंड करून निजायचा. साळूचा काटा चांगला वीतभर असतो, हा नखाएवढा. पण तोडून पुरला तर कुणाला कळतंय?

कुणी पुरला, ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. परसाच्या मधोमध गुडघाभर दगडी कुंपण होतं आणि पल्याड थोरली जाऊ, लंकाबाई. वाटण्या झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद. काल मात्र लंकाबाई आपणहून कुंपणाशी आली होती. "पाचोळा जाळू नगंस गं," एवढंच म्हणून माघारी गेली होती. एवढ्या दिवसांचा अबोला मोडला, तो काय पाचोळ्यासाठी?

दिवेलागणीला कडूबाई न्हाणीच्या आडोशाला दबा धरून बसली. काटा मुठीत होता, काड्यापेटी ओच्याला खोचलेली होती. चोर हाती लागला की पुरलेल्या काट्यांसकट ढीगच पेटवायचा.

लंकाबाई आलीच. पदराखाली काहीतरी झाकलेलं. इकडंतिकडं बघून ती कुंपणाशी उकिडवी बसली. तिथं तळातला एक धोंडा कुणीतरी काढलेला होता. त्या भोकाशी तिनं हात नेला.

कडूबाई ताडकन उठली. "काय पुरताय बाई, माझ्या दारात?"

लंकाबाई दचकली. हातातली जर्मनची ताटली हिंदकळली. ताटलीत पाणी होतं. टँकरमागं घागरी घेऊन पळायचे ते दिवस, आणि ही बया पाणी मातीत ठेवत होती! मंतरलेलंच असणार.

"हळू बोल," लंकाबाई कुजबुजली. "बुजंल ती."

"ती कोन?"

पाचोळा खसफसला. ढिगातून एक टोकदार नाक बाहेर आलं. मग अंगभर काटे असलेला, लहान नारळाएवढा जीव. मागं दोन पिलं, नुकते काटे फुटलेली.

"काट्याची उंदरीन हाय," लंकाबाई म्हणाली. "तुझ्या पाचोळ्यात व्यालीया. माझ्याकडं पानी, तुझ्याकडं तिचं घर आन् मधी ह्ये कुंपान. म्हून धोंडा काढला. लई गुणाची हाय. वांग्याच्या बुडातली हुमणीची अळी खाती."

कडूबाईनं मुठीतला काटा पाहिला, ढिगाकडं पाहिलं. तरी आवाजातला ताठा गेला नाही.

"मंग त्वांडानं सांगाया काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं, तर तू आदी ढीग पेटवला असतास."

कडूबाईनं नुसतं एक पाऊल मागं घेतलं, तर वाळकी काडी मोडली. तेवढ्या आवाजानं तो जीव कुंपणाच्या भोकाशीच गुंडाळला गेला. काट्यांचा नुसता चेंडू. पिलं मागं थबकली.

"आता हलू नगंस," लंकाबाई म्हणाली.

कडूबाई होती तिथंच खाली बसली. घरातून नवऱ्यानं हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"उघडंल का वं, बाई?" तिनं अगदी हळू विचारलं.

"उघडंल. दम धर."

अंधार पडू लागला. कुंपणाच्या दोन बाजूंना दोघी जावा श्वास रोखून, त्या काटेरी चेंडूवर नजर लावून बसून राहिल्या.