डावे टाके

पार्सलातून एकच सफरचंद निघालं. लाल लोकरीचं, देठाला तपकिरी साखळी, वर एक हिरवं पान. बायकोनं ते खिडकीपाशी नेलं, उलटं केलं आणि बुडापासून देठापर्यंत टाके बोटानं चाचपले.

"डाव्या हाताचं," ती म्हणाली.

घड्याळवाल्यानं मान वर केली नाही. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होता. पण गेली पाच मिनिटं त्याचा चिमटा हवेतच होता.

"पाठवणाऱ्याचं नाव?" त्यानं विचारलं.

"सात वर्षांत कधी होतं, म्हणून आज असेल?"

सणाचं टेबल त्यांच्या घरी दोन दिवस आधीच मांडलं जाई. खरं खाणं तेवढं टिकायचं नाही, म्हणून मधल्या टोपलीत सगळं लोकरीचं: पाव, द्राक्षं, संत्र्याच्या फोडी, एक मासा. बायको आणि लेक मिळून ते क्रोशानं विणायच्या. मग लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं आणि घड्याळवाला दारात उभा राहून म्हणाला, "हा उंबरा तुला आता परका. पुन्हा तोंड दाखवू नकोस." जीभ घसरली ती घसरली. लेक बापाचीच, तिनं खरोखरच तोंड दाखवलं नाही.

त्या वर्षी बायकोनं टोपली मांडली नाही. घास तोंडात घेई आणि चावायचं विसरे. अंगावरचे कपडे ढिले पडत चालले. तेव्हा त्यानं हे आरंभलं.

लेक डावखुरी होती. वहीत लिहिताना तिची सगळी करंगळी शाईनं माखायची, म्हणून तो तिला चिडवत असे. डाव्या हाताचे टाके उलट्या बाजूला झुकतात, हे त्यानं बायकोच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं. मग बायको शेजारच्या पोरांची टोपरी विणायला बसली, की पेपर आडवा धरून तो तिच्यासमोर बसू लागला. तिचा उजवा हात जे करी, ते आरशात बघितल्यासारखं आपल्या डाव्या हातात उतरवायचं. दुकानाचं शटर अर्धं ओढून सराव करायचा. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, पण पहिलं लिंबू जमायला तीन महिने गेले. घड्याळांचे सुटे भाग आणायला तो दोन तास लांबच्या एका गावी जात असे. पार्सल तिथूनच टाकलं.

ते लिंबू बघून बायको इतकंच म्हणाली होती, "डाव्या हातानं विणलंय कुणीतरी." मग रडली. आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

तेव्हापासून दर वर्षी एक. नवं आलेलं टोपलीत सगळ्यांच्या वर बसे. सण उलटला की बायको ते आत नेई, मग ते पुन्हा दिसत नसे. लोकर विटते, म्हणे.

लेकीला शोधावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण जायचं कुठं, आणि कुठल्या तोंडानं?

बायकोनं सफरचंद टेबलावर ठेवलं. "उद्या सकाळच्या गाडीनं मी निघते."

"कुठं?"

"लेकीकडे."

त्याची नजर पार्सलावरच्या शिक्क्याकडे गेली. तेच गाव, दोन तास लांबचं.

"अगं, गुडघे बघ स्वतःचे. जिना उतरताना देव आठवतो तुला."

"आठवू दे. त्याला तरी दुसरा कामधंदा काय आहे?"

"सणाला घर सोडून?"

"सणालाच. येता का? नसाल येत तर भाजी करून ठेवते. गरम करून घ्या, गारढोण खाऊ नका."

तिनं बॅग काढली. एक साडी, गुडघ्याचं तेल, औषधांची डबी. सगळ्यांच्या वर सफरचंद.

घड्याळवाल्याला दिसू लागलं ते असं: परक्या गावात, भर उन्हात, हातात लोकरीचं सफरचंद घेऊन ती दारोदार विचारत फिरतेय. लोक माना हलवतायत. आणि शेवटी फलाटावरच्या बाकड्यावर बसलेली ती. सात वर्षांपूर्वी होती तशी, घास चावायचं विसरलेली. या खेपेला ती सावरणार नव्हती.

त्यानं भिंग काढलं. खालचा खण उघडला. जुन्या पट्ट्यांच्या डब्यामागून लाल लोकरीचा उरलेला गुंडा आणि क्रोशाची सुई काढली. सुई डाव्या हातात धरली आणि तिच्यासमोर चार टाके घातले, सराईतासारखे.

"सातही मीच केली," तो म्हणाला. "तिनं एकसुद्धा पाठवलेलं नाही. त्या गावात ती नाही. कुठं आहे ते मला ठाऊक नाही. असतं, तर जाऊन तिची माफी मागितली असती. तुला हवं ते बोल मला, पण जाऊ नकोस."

बायको खुर्चीत बसली.

"लिहायची ती डाव्या हातानं," मग ती म्हणाली. "सुई मी तिच्या उजव्या हातात दिली होती. मांडीवर बसवून शिकवलंय मी तिला. आमच्या दोघींचे टाके एकाच बाजूला झुकतात."

त्यानं सुई खाली ठेवली. "म्हणजे पहिल्या लिंबापासून तुला..."

"पहिल्या लिंबापासून. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"मग उद्या निघालीस कुठं?"

"सांगितलं ना, लेकीकडे." तिनं बॅगेची चेन ओढली. "तुमच्या नातीला चौथं वर्ष लागलंय. तिचे दात आले ते तुमच्या लिंबावरच."