हिरवं बटण

तपासनीस शशिकला दहाके यांनी हिरलेकर साहेबांच्या कपाळावर टिकली चिकटवली आणि साहेबांची नजर बंद झाली. नवा नियमच तसा होता. ज्यानं सॉफ्टवेअरची हेल्प, म्हणजे ते वापरायच्या सूचना, लिहिली, त्यानं ती नुसती ऐकून एक अर्ज पाठवून दाखवायचा. अर्ज गेला की टिकली आपोआप गळायची आणि नजर परत यायची.

‘‘पाच मिनिटांचं काम,’’ साहेब ऐटीत म्हणाले.

कॉम्प्युटर वाचू लागला. ‘‘चित्र एक. चित्र दोन. वर दाखवल्याप्रमाणे हिरव्या बटणावर क्लिक करा. चित्र तीन.’’

साहेबांनी कीबोर्ड बडवला. पडद्यावरचं प्रत्येक बटण आपलं नाव नुसतं ‘‘बटण’’ एवढंच सांगत होतं. तासाभरात शर्ट घामानं भिजला.

‘‘बाई, ते हिरवं कुठलं हो?’’

जन्मांध शशिकलाबाई निवांत शेंगदाणे सोलत होत्या. ‘‘हिरवं म्हणजे कसं असतं?’’

‘‘चेष्टा नको. कीबोर्डवरून कसं करायचं तेवढं सांगा.’’

‘‘तेच विचारायला मी तुम्हाला सात पत्रं धाडली होती, साहेब. तुम्ही कळवलंत, अंध ग्राहक आमच्याकडे नाहीत.’’ बाईंनी टरफलं झटकली. ‘‘आता एक आलाय. त्याच्यासाठी लिहा.’’