भाषा निवडा

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून म्हाताऱ्याने टीव्ही लावला नव्हता. बापाचा वेळ जावा म्हणून मुलगा इंटरनेटवर चालणारा नवा बॉक्स घेऊन आला आणि पाठमोरा बसून वायरी जोडता जोडता बोलत सुटला. “पाठ फिरवून बोलू नकोस,” म्हातारा खेकसला. बायको बहिरी होती, त्यामुळे या घरात सगळे समोरासमोर बसून हातांनीच बोलत. “आई गेली, बाबा! तुम्हाला ऐकू येतं ना? मग झालं!” “तुझी जीभ फार सुटलीय. चालता हो.” “जातो! बसा भिंतीशी हातवारे करत!” रिमोट आदळून तो निघून गेला. पडद्यावर अक्षरं आली: भाषा निवडा. म्हाताऱ्याने यादी शेवटपर्यंत पाहिली. सगळ्या तोंडाने बोलायच्या भाषा होत्या. बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून त्याने हातांनी विचारलं, कुठली घेऊ? भाषा निवडायची अजून राहिली आहे.