मुठीपेक्षा उंच

“आई, माझं तोंड दिसतंय?”

“कपाळ दिसतंय. आठ्यांसकट.”

मधलीनं बरणीत पाइनची आणखी एक फांदी खोचली आणि पुन्हा खाली बसून पाहिलं. आता समोरच्या खुर्चीतली आई पूर्ण झाकली गेली.

हॉटेलात मेजवान्यांची टेबलं सजवणं हा मधलीचा धंदा. हिवाळी सजावट म्हणजे तर तिच्या हातचा मळ. नव्या मुलींना ती पहिला नियम शिकवायची तो असा: कोपर टेबलावर टेकवा, मूठ उभी धरा, सजावट मुठीच्या वर जाता कामा नये. समोरासमोरच्या माणसांना एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. आज स्वतःच्या घरात तिनं तो नियम धाब्यावर बसवला होता.

इलाजच नव्हता. बाबा आजारी पडले तेव्हा थोरल्या भावानं धाकट्याला वेळेत कळवलं नाही. बाबा सावरतील असं त्याला वाटत राहिलं. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच तो चार लोकांदेखत म्हणाला, “यापुढे तुझं तोंड पाहणार नाही.” थोरल्यानंही तेच शब्द परत केले. तेव्हापासून दोघंही शब्दाला जागले होते. हट्टात दोघं एकाच माळेचे मणी.

आईनं या हिवाळ्यात एकच गोष्ट मागितली. दोन्ही मुलांबरोबर एकदा जेवायचं. दोघं आईसाठी कबूल झाले, पण तोंड न पाहण्याच्या अटीवर. टेबल चौघांचं. शेजारी बसवावं तर कोपराला कोपर लागणार. उरली समोरासमोरची जागा, आणि मध्ये ही भिंत. आज बिनसलं तर हे दोघं पुन्हा एका छपराखाली येणार नाहीत, हे मधलीला पक्कं ठाऊक होतं.

काटक्या झाल्या, पाइनची फळं झाली, बर्फ म्हणून पिंजलेला कापूस झाला. मग तीन मेणबत्त्या. प्रत्येकीवर तिनं कंदिलाला असते तशी उंच काच बसवली. कापूस काय आणि वाळकी काटकी काय, पेटायला निमित्तच शोधत असतात.

आईनं कपाटातून बाबांचा तपकिरी मफलर काढून आणला.

“हा बरणीला गुंडाळ. उबदार दिसेल. आणि एक मेणबत्ती माझ्याकडे सरकव. हात गारठलेत.”

मधलीनं दोन्ही गोष्टी केल्या.

दोघं नजर खाली ठेवूनच आत आले आणि आपापल्या जागी बसले. सूप वाढलं गेलं.  टेबलाच्या टोकाला बसलेली आई मधूनमधून काचेवर हात शेकत होती.

“आई, मीठ मिळेल का?” फांद्यांच्या अलीकडून थोरला.

“आई, त्याला सांग, मीठ तिकडंच आहे,” पलीकडून धाकटा.

“मीठ तुझ्या नाकासमोर आहे,” आई थोरल्याला म्हणाली.

मधलीला हसू आलं. तिनं ते सुपाबरोबर गिळलं.

“बटाटे घ्या ना,” ती म्हणाली. “तुम्ही नक्की येताय हे कळल्यावर सकाळीच भाजायला—”

“कळलं की माणूस येतोच,” धाकटा म्हणाला. “कळवावं मात्र लागतं.”

थोरल्याचा चमचा बशीत पडला. त्यानं खुर्ची मागे सारली.

“आई, मी निघतो.”

मधलीनं त्याचा दंड धरला. “दादा, बस ना रे. आईसाठी तरी.” त्यानं हात सोडवून घेतला.

तेवढ्यात टेबलावर भपकन उजेड झाला. कापूस पेटला होता. बघता बघता जाळ काटक्यांवर चढला.

“बाबांचा मफलर!”

दोघं एकदमच ओरडले. दोन बाजूंनी दोन हात थेट जाळात शिरले. एकाच्या हाती एक टोक लागलं, दुसऱ्याच्या हाती दुसरं. ओढाओढीत बरणी आडवी झाली, तिच्यातलं पाणी सगळीकडे सांडलं आणि चर्र आवाज करत जाळ विझला. फांद्या जमिनीवर पडल्या.

धूर विरला. दोघं समोरासमोर उभे होते, हातात मफलरचं एकेक टोक. मध्ये आता काहीच नव्हतं.

धाकटा पाहतच राहिला. त्याच पिकलेल्या भुवया, तीच एका बाजूला झुकलेली जिवणी. थोरला हुबेहूब बाबांसारखा दिसायला लागला होता.

“हात दाखव,” थोरला म्हणाला. “भाजलंय का रे?”

“तुझंच मनगट लाल झालंय, दादा.”

मफलर कुणीच सोडेना. तो तसाच धरून दोघं स्वयंपाकघरात नळाकडे गेले. पाण्याचा आवाज आला. मग थोरल्याचा, चिरकलेला. “मला खरंच वाटलं होतं रे, ते सावरतील.” धाकटा रडत होता.

मधली आवरायला लागली.

“माझंच चुकलं, आई. इतकी वर्षं टेबलं सजवते आणि एक काच नीट बसवता आली नाही मला.”

“होतं असं कधीकधी,” आई म्हणाली. मांडीवरचा रुमाल गोळा करून तिनं खुर्चीवर ठेवला आणि ती मुलांकडे गेली.

कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून मधली काचेचे तुकडे शोधू लागली. दोन काचा टेबलावर धडधाकट होत्या. तिसरीचा कपचासुद्धा सापडेना, ना फांद्यांत ना टेबलाखाली. शेवटी तिनं झटकायला म्हणून आईचा रुमाल उचलला. तो जड लागला.

आत काच होती. अख्खी, अजून कोमट.