अनिकेतची खुशाली

"काकू, वो शादी कर रहा है," इंद्रजित म्हणाला आणि सुलभाताईंच्या हातातली पुरी कढईऐवजी ओट्यावर पडली.

"अगं बाई! कोणाशी? कधी?"

"दिवाली के आसपास. लड़की वहीं बंगलोर की है, होटल में साथ काम करती है."

सुरुचीने इंद्रजितकडे डोळे वटारून पाहिलं. ही बातमी बहुधा तिला सांगायची होती, असं वाटून सुलभाताईंना हसू आलं.

सुलभाताईंचा अनिकेत, इंद्रजित आणि सुरुची लखनौच्या मानक नगर रेल्वे कॉलनीत एकत्र वाढलेले. तिघं चौकात जाऊन चोरून कबाब खायची आणि वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळत दारात उभी राहायची. त्याच नादाने घात केला. अनिकेतने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि बंगलोरला एका हॉटेलच्या भटारखान्यात नोकरी धरली. त्याचे वडील, चारुदत्त, म्हणाले, "मांस शिजवणाऱ्याने या घराचा उंबरा चढायचा नाही."

पोरगा बापासारखाच हट्टी. पुन्हा आला नाही. आईला मात्र चोरून फोन करायचा. पुढे सुलभाताईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या कितीतरी दिवस दवाखान्यात होत्या, तरी तो आला नाही. मग फोनही थांबले. तेव्हापासून पाडव्याला त्या या दोघांना जेवायला बोलवायच्या. पोटभर वाढायचं आणि लेकाची खुशाली ऐकायची.

"नवा नंबर तरी दे ना रे त्याचा."

"कहता है, पहले पापा बुलाएँ."

पापा बाहेर पेपर उघडून बसले होते. गेल्या पाडव्याला त्यांनी गुढीसुद्धा उभारू दिली नव्हती. "इथे लखनौत कोण बघतंय?" म्हणाले होते. यंदा उभारली तेवढी. या माणसाच्या हट्टापायी आपलं लेकरू परकं झालं, हे सुलभाताईंच्या मनातून जात नव्हतं. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून त्यांनी पानं घेतली.

मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या. श्रीखंडाचं पातेलं घेऊन त्या चारुदत्तांपाशी आल्या, तर त्यांनी वाटीवर हात धरला.

"मला नको."

"अहो, सणाचं चमचाभर तरी. इतकं आवडायचं तुम्हाला."

"सोडलंय मी."

सुलभाताईंनी पातेलं खाली ठेवलं. "तुमच्या मुलाचं लग्न ठरलंय."

चारुदत्तांचा हात घासावरच थांबला. त्यांनी इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजितने मान खाली घातली.

"आत्ता फोन लावा त्याला. ये घरी, एवढंच म्हणा. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"सुलभा, पोरांना जेवू दे."

"निदान नाव तरी घ्या त्याचं! मी दवाखान्यातून आल्यापासून एकदाही तुमच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नाही."

चारुदत्त पानावरून उठले. बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"दगड आहे हा माणूस," सुलभाताई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. सुरुचीने त्यांना मिठी मारली. ती तर त्यांच्यापेक्षा जास्त रडत होती.

जेवणं कशीबशी उरकली. चारुदत्त पोरांना सोडायला खाली गेले. इंद्रजितच्या आईसाठी भरलेला डबा ओट्यावरच राहिला होता, म्हणून जिन्याचा कठडा धरत सुलभाताई मागोमाग निघाल्या. शेवटच्या वळणावर त्यांना आवाज ऐकू आले.

"लग्नाचं कशाला काढलंस रे? आता सून बघायची म्हणेल ती."

"सॉरी काका. वो पूछती ही जा रही थीं, मुँह से निकल गया."

"असू दे. तुम्ही निदान बोलता तरी." चारुदत्त म्हणाले. "मला नाही रे जमत त्याचं नाव घेऊन खोटं बोलायला. ती इथे आयसीयूत होती, आणि तिकडे मी या हातांनी त्याला अग्नी दिलाय."