मधलं कपाट

बालवाडीतली मुलं अक्षरं पाहायला वाचनालयात आली होती. लेखकांच्या नावांनुसार लावलेली कपाटं ग्रंथपालांनी त्यांना क्रमाने दाखवली. आईचा ‘आ’ दाराशी होता, बाबांचा ‘ब’ पार खिडकीपाशी.

“काका, ही दोन कपाटं जवळ नाही का आणता येणार?” सगळे जिला चिमणी म्हणत, तिने विचारलं.

“नाही गं बाई. क्रम मोडला तर माझी नोकरी जाईल.”

“मग माझं कुठलं?”

“चिमणीचा ‘च’. हे काय, मधलं.”

ती त्या कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

“इथून दोन्ही दिसतात,” ती समाधानाने म्हणाली.

सुटीची वेळ झाली. बाईंनी हाक मारली, “चिमणे, चल, तुला न्यायला आलेत.”

ती जागची हलली नाही. “आज कुणाचा वार आहे, आईचा की बाबांचा?”